कादंबरीतला अणुबॉम्ब: कथानकाची चिरफाड हवी आहे

उंबरठा

मंडळी, एक राजकीय थरारकथा लिहितोय. निम्म्याच्या पुढे आलोय आणि तिथेच अडलोय. घरच्यांनी वाचून "छान आहे" म्हटलं, म्हणजे उपयोग शून्य. इथली माणसं सहसा छान म्हणत नाहीत, म्हणून इथे टाकतोय.

कथानक थोडक्यात असं. सोव्हिएत युनियन कोसळताना मध्य आशियातल्या एका कोठारातून सुटकेसमध्ये मावेल एवढा अणुबॉम्ब गायब होतो. तीस वर्षं तो एका टोळीप्रमुखाच्या तळघरात पडून राहतो. मग एक माथेफिरू पण अतिबुद्धिमान शास्त्रज्ञ तो हुडकून काढतो आणि कराचीहून छोट्या पाणबुडीतून कोकणच्या किनाऱ्यावर उतरवतो. हातात ७२ तास. नायक रॉचा निलंबित अधिकारी. दिल्लीत सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीची बैठक, इस्लामाबादेत धावपळ, वॉशिंग्टनहून फोनवर फोन. शेवट गेटवे ऑफ इंडियाजवळ, घड्याळात चार सेकंद उरलेले असताना.

राजकारणाची प्रकरणं माझी मलाच आवडली आहेत. बॉम्बची लिहिताना मात्र हात आखडतो. काय खटकतं ते बिनधास्त सांगा. बॉम्ब कसा बनतो याची चर्चा नको, कादंबरीला तिची गरजच नाही. माणसं आणि यंत्रणा अशा वेळी कशा वागतात ते हवंय.

तिसरीघंटा

चारच सेकंद का हो? तीन का नाहीत? आणि वायर लाल की निळी ते नाही सांगितलंत.

निलंबित नायक तेवढा काढा. आपल्याकडे निलंबित माणूस निम्मा पगार आणि खातेनिहाय चौकशी यांच्या मागे असतो, देश वाचवायला त्याला सवड कुठली? आणि तो माथेफिरू शास्त्रज्ञ शेवटी नायकाला खुर्चीला बांधून आपला सगळा बेत समजावून सांगणार असेल, तर मी आत्ताच पुस्तक ठेवतो.

खडूफळा

शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे सुटकेसबद्दल बोलणं भाग आहे.

ही सुटकेस गाजली १९९७ साली. जनरल अलेक्झांडर लेबेद हे रशियाचे तेव्हाचे अध्यक्ष येल्त्सिन यांच्या सुरक्षा परिषदेचे माजी सचिव. त्यांनी अमेरिकन टीव्हीवर सांगितलं की असे शंभराहून जास्त छोटे बॉम्ब हिशेबात लागत नाहीत. रशियन सरकारने साफ नाकारलं. तेव्हापासून असा एकही बॉम्ब जगात कुठे सापडल्याचं सिद्ध झालेलं नाही. कादंबऱ्यांत मात्र शेकड्याने सापडतात.

समजा होताच, तरी अण्वस्त्र म्हणजे मुरायला ठेवलेली लोणच्याची बरणी नव्हे. त्याला ठरावीक काळाने देखभाल लागते, भाग बदलावे लागतात. बऱ्याच आधुनिक अण्वस्त्रांत ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचं किरणोत्सर्गी रूप असतं; त्याचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, साधारण १२.३ वर्षं. तीस वर्षांत ते पाचव्या हिश्श्याच्याही खाली येतं. तुमच्या टोळीप्रमुखाच्या तळघरात महागडं आणि धोकादायक भंगार निघेल, बाकी काही नाही.

तुम्हाला १९९२ च हवं असेल तर पोदोल्स्क घ्या. मॉस्कोजवळचं गाव. तिथे 'लुच' नावाची अणुसंशोधन संस्था. तिच्यातला एक जुना कर्मचारी, महागाईने पगाराची पार माती झालेला. प्रक्रियेत थोडं युरेनियम वाया जातंच आणि तीन टक्क्यांपर्यंतची तूट कोणी विचारत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. मग तो जपून काम करायला लागला. वाया जायचं ते वाचवायचं आणि चिमूट चिमूट घरी न्यायचं. काही महिन्यांत दीड किलो उच्च समृद्ध युरेनियम त्याच्या फ्लॅटच्या बाल्कनीत जमलं. संस्थेच्या वह्यांत सगळं बरोबर! गिऱ्हाईक कोण, हे त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. मॉस्कोत कोणीतरी भेटेल म्हणून स्टेशनवर गेला. तिथे भेटलेल्या ओळखीच्या लोकांनी बॅटऱ्या चोरलेल्या होत्या आणि पोलीस त्यांच्या मागावर होते. त्यांच्याबरोबर हाही आयता सापडला.

त्याला हवं काय होतं? नवा फ्रीज आणि गॅसची शेगडी.

दीड किलोत काही होत नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था तपासणीसाठी जे प्रमाण गंभीर धरते ते २५ किलोंचं आहे. पण माझ्या मते तुमचा खलनायक इथे आहे. अतिबुद्धिमान वगैरे नाही, नीट हिशेब न ठेवणाऱ्या कचेरीतला एक गांजलेला माणूस.

सरळसोट

पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, पण आता बोलतोच. फ्रीजसाठी युरेनियम चोरणाऱ्या माणसावर चारशे पानं कोण वाचणार? एसटी स्टँडवरून पुस्तक उचलणाऱ्याला बॉम्ब हवा, पाठलाग हवा. तुम्ही सगळे मिळून यांच्या थरारकथेची लेखापरीक्षकाची टिप्पणी करून टाकाल.

दर्यासारंग

उमेदीची वर्षं बंदराच्या कामात गेली, तेवढ्या अधिकारावर लिहितो.

उंबरठाराव, पाणबुडी आधी बुडवा. १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत रायगड जिल्ह्यात दिघी आणि शेखाडीला शस्त्रं आणि आरडीएक्स उतरलं. त्याला पाणबुडी लागली नव्हती. साध्या लाँचेस आल्या, माल उतरला, ट्रकमध्ये चढला. वाटेत गोंडघर फाट्याला पोलिसांनी ट्रक अडवले आणि लाचेची रक्कम हातात येईपर्यंत तारण म्हणून चांदीच्या विटा ठेवून घेऊन सोडून दिले. पुढे टाडा न्यायालयात पोलीस आणि कस्टम्स या दोन्ही खात्यांतली माणसं दोषी ठरली. १२ मार्चला मुंबईत २५७ जीव गेले.

यातली मेख बघा. त्या किनाऱ्यावर चांदी-सोनं उतरणं कोणाला नवं नव्हतं. दर ठरलेले, हिस्से ठरलेले. पोत्यात काय आहे हे विचारायचंच नाही, ही त्या धंद्याची रीत. तीच वापरून दुसरा माल आला.

२६/११ ला 'कुबेर' हा पोरबंदरचा मासेमारी ट्रॉलर पळवून आणला आणि शेवटचा टप्पा रबरी होडीतून. कफ परेडच्या कोळीवाड्यात हल्लेखोर उतरले तेव्हा तिथल्या माणसांनी हटकलंही होतं, कोण तुम्ही म्हणून. उत्तर उर्मट मिळालं, पोरं पाठपिशव्या उचलून निघून गेली. त्यानंतर किनारी पोलीस ठाणी, रडारची साखळी, मच्छीमारांना ओळखपत्रं, सगळं झालं. चांगलंच झालं. तरी पहिला प्रश्न विचारला तो कोळ्यांनी, हे तुमच्या कादंबरीत कुठेतरी यायला हवं.

दुसरं कंटेनरचं. मोठ्या बंदरांत किरणोत्सर्ग ओळखणाऱ्या कमानी असतात, कंटेनर त्यांच्याखालून जातो. त्या कशानेही वाजतात. ग्रॅनाइट, चिनी मातीच्या फरशा, पोटॅशचं खत, परदेशात मांजरांच्या शी-शूसाठी वापरतात ती माती. हे पदार्थ मुळातच किंचित किरणोत्सर्गी असतात. कमान वाजली की गाडी बाजूला घ्यायची, कागद बघायचे, हातातल्या यंत्राने पुन्हा मोजायचं. आता जिथे अशी घंटा सारखीच वाजते तिथल्या माणसाच्या मनाची कल्पना करा. "फरशा असतील." तुमच्या सगळ्या खलनायकांपेक्षा हे दोन शब्द जास्त भयंकर आहेत.

तिसरीघंटा

दर्यासारंगकाका, दंडवत. चांदीच्या विटा तारण! हे मी लिहिलं असतं तर संपादकाने अतिशयोक्ती म्हणून कापलं असतं.

घंटेच्या सवयीवरून आठवलं. अमेरिकेत टेनेसीमध्ये ओक रिज इथे वाय-१२ हे केंद्र आहे, बॉम्बच्या दर्जाचं युरेनियम साठवण्याची त्यांची मुख्य जागा. जुलै २०१२ मध्ये ८२ वर्षांची एक जोगीण, सिस्टर मेगन राइस, आणि तिच्याबरोबरचे दोन शांतिवादी पुरुष रात्री कुंपणं कापत थेट युरेनियमच्या इमारतीपर्यंत चालत गेले. भिंतीवर रक्त शिंपडलं, घोषणा रंगवल्या, हातोडीने कोपऱ्याचा टवका काढला आणि गाणी म्हणत बसले. पहिला पहारेकरी आला तेव्हा त्याला पाव देऊ केला. गजर वाजले होते. पण तिथे जनावरांमुळे ते नेहमीच वाजायचे आणि एक कॅमेरा कित्येक महिने बंद होता.

खोपोलीकर

दर्यासारंगकाकांच्या कमानीला आमच्या गावचा एक किस्सा जोडतो.

ऑक्टोबर २००८. फ्रान्समध्ये लिफ्टची बटणं किरणोत्सर्गी निघाली. होय, आपण रोज बोटाने दाबतो तीच. त्यांच्या धातूत कोबाल्ट-६० होतं. बटणं जोडणाऱ्या तिथल्या कारखान्यातल्या कामगारांना किरणांचा उपसर्ग झाला. माग काढत काढत तपास आला कुठे? खोपोलीला, एका ओतकाम कारखान्यापर्यंत. कुठल्यातरी यंत्रातला किरणोत्सर्गी तुकडा भंगारात आला, भट्टीत वितळला आणि पोलादात मिसळून निर्यात झाला. कोणाचा काही बेत नव्हता, कोणी शत्रू नव्हता. भंगारात मुळात तो आला कुठून, यावर गावात आजही चहाच्या टपरीवर वेगवेगळे सिद्धांत आहेत. त्यातले दोन तर थेट तुमच्या कादंबरीत घेण्यासारखे.

सरळसोट

आता लिफ्टची बटणं. अरे थरार म्हणजे काय ते तरी ठरवा आधी.

काळीमिरी

सरळसोट, थरार हवाय ना? मग गोयानिया ऐका. मी रुग्णालयात किरणोपचार विभागात काम करते आणि आम्हाला हे प्रकरण शिकवलं जातं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला जेवण गेलं नव्हतं.

ब्राझीलमधलं शहर, सप्टेंबर १९८७. एक किरणोपचार केंद्र दुसरीकडे हललं, जुनं यंत्र पडक्या इमारतीत तसंच राहिलं. मालकीवरून वाद चालू. दोघांनी यंत्राचा भाग काढून भंगारवाल्याला विकला. आत सीझियम-१३७ ची पूड, अंधारात निळी चमकणारी. भंगारवाल्याला वाटलं काहीतरी अद्भुत हाती लागलंय. त्याने नातेवाइकांना, मित्रांना चिमटी चिमटी वाटली. कोणी अंगाला लावली. त्याच्या भावाने घरी नेली. भावाची सहा वर्षांची मुलगी तिच्याशी खेळली आणि त्याच हाताने जेवली.

एकामागून एक माणसं आजारी पडायला लागली. डॉक्टर कधी अन्नातून विषबाधा म्हणताहेत, कधी साथीचा रोग. शेवटी ओळखलं ते भंगारवाल्याच्या बायकोने. ते चमकणारं काहीतरी घरात आल्यापासून हे सुरू झालंय म्हणाली. उरलेलं पिशवीत भरून ती बसने आरोग्य खात्याच्या कचेरीत घेऊन गेली आणि टेबलावर ठेवलं. ती वाचली नाही, ती मुलगीही नाही. एकूण चार मृत्यू, २४९ जणांना किरणोत्सर्गी पुडीची बाधा. आणि तपासून घ्यायला स्टेडियमवर लागलेली रांग किती? सुमारे १,१२,०००. शहराबाहेर गोयानियाच्या माणसांना हॉटेलात खोली मिळेना. त्या मुलीला शिशाच्या पेटीत पुरायला नेलं तर जमावाने दगड मारले.

यात दहशतवादी एकही नाही. दहशत मात्र बघा. सीझियमचा मोठा बॉम्ब करावा लागत नाही, ते शहरात कुठेतरी आहे एवढं कळलं तरी काम होतं. चेचेन बंडखोरांना हे समजलेलं होतं. १९९५ च्या नोव्हेंबरात त्यांनी मॉस्कोच्या इझमायलोवो बागेत सीझियमचं पुडकं पुरलं आणि टीव्हीवाल्यांना जागा सांगितली. फुटलं काहीच नाही. बातमी फुटली, तेवढं पुरलं.

आपल्याकडे २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत तेच झालं. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतलं जुनं यंत्र लिलावात गेलं, भंगारवाल्यांनी फोडलं, आत कोबाल्ट-६०. एक जण गेला, बाकीचे महिनोन्‌महिने उपचार घेत होते.

खडूफळा

काळीमिरीताई, +१. मायापुरीचं मी दरवर्षी वर्गात सांगतो. पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला: "सर, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं का?" भंगारवाल्यांना खरंच कोणी सांगितलं नव्हतं.

पाऊणवाटी

मला राजकारणाच्या अर्ध्या भागात रस आहे. उंबरठाराव म्हणतात ती प्रकरणं चांगली झालीयेत, पण नमुना दिलेला नाही, म्हणून शंका येते.

एक प्रश्न विचारते. बॉम्ब फुटला. होडीवर झेंडा नाही, माणसं मेलेली. मारायचं कोणाला? आपलं अण्वस्त्र धोरण ४ जानेवारी २००३ ला जाहीर झालं. पहिला वार आपण करणार नाही, पण भारताच्या भूमीवर किंवा आपल्या फौजांवर कुठेही अण्वस्त्र वापरलं गेलं तर प्रत्युत्तर प्रचंड असेल. हुकूम द्यायचा अधिकार पंतप्रधान जिचे प्रमुख आहेत त्या राजकीय परिषदेला. कागदावर नीटनेटकं आहे. पण ते वाचताना मनात येतं ते क्षेपणास्त्र, जे कुठून सुटलं ते रडारवर दिसतं. झेंडा नसलेल्या होडीचं काय? स्फोटानंतरच्या धुळीतून सामग्री कुठल्या अणुभट्टीची हे शोधता येतं, पण त्याला दिवस लागतात, कधी आठवडे. आपल्या वृत्तवाहिन्यांना दहा मिनिटं लागतात. तुमची कादंबरी या दोन घड्याळांच्या मधल्या जागेत घडायला हवी. गेटवेवरचं तिसरं घड्याळ फेकून द्या.

आणि त्या मधल्या जागेत काय होऊ शकतं याचं खरं उदाहरण घ्या. २६/११ चालू असताना, २८ नोव्हेंबर २००८ ला, पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष झरदारी यांना फोन गेला. बोलणारा म्हणाला, मी भारताचा परराष्ट्रमंत्री प्रणब मुखर्जी, आणि युद्धाची धमकी दिली. पाकिस्तानने हवाई दल सज्ज ठेवलं. आपण असा फोन केलाच नाही, असं मुखर्जींनी नंतर सांगितलं. एक बनावट फोन, बस. ना बॉम्ब, ना युरेनियम. ताजमध्ये अजून गोळ्या चालू आहेत, दोन अण्वस्त्रधारी देश, आणि कोणीतरी आवाज बदलून बोलतोय. हे तुमच्या पाणबुडीपेक्षा स्वस्त आणि जास्त भीतिदायक आहे की नाही?

ओस्लोचाबंड्या

पाऊणवाटी, तुमच्या दोन घड्याळांवरून इथला किस्सा.

२५ जानेवारी १९९५. उत्तर नॉर्वेतल्या आंदोया बेटावरून शास्त्रज्ञांनी उत्तर ध्रुवीय प्रकाशाच्या अभ्यासासाठी रॉकेट सोडलं. रशियासकट सगळ्या शेजाऱ्यांना आधीच कळवलं होतं. पण रशियन परराष्ट्र खात्यात पोचलेला तो निरोप रडारवर बसलेल्या माणसांपर्यंत गेलाच नाही. त्यांना रॉकेट दिसलं ते अमेरिकन पाणबुडीतून सुटलेल्या क्षेपणास्त्रासारखं. येल्त्सिन यांच्यासमोर अण्वस्त्रं डागायचा हुकूम देण्याची ती प्रसिद्ध पेटी उघडली गेली. काही मिनिटांनी रॉकेटची दिशा दूर जातेय हे कळलं आणि ते स्वालबार्डजवळ पडलं.

इथल्या लोकांना विचारलं तर खांदे उडवतात, आम्ही पत्र पाठवलं होतं म्हणतात. पाठवलं होतं हे खरंच आहे.

अवांतर: १९८३ मध्ये क्षेपणास्त्र हल्ल्याचा इशारा खोटा आहे हे ओळखणाऱ्या सोव्हिएत अधिकाऱ्याचा, पेट्रोवचा, दाखला कृपया कोणी देऊ नका. माणूस थोर होता, पण आता तो व्हॉट्सॲपवर रोज सकाळी येतो.

पाऊणवाटी

नाही देत. त्याऐवजी आपलाच देते. ९ मार्च २०२२, आपल्याकडून एक ब्रह्मोस सुटलं आणि पाकिस्तानात शंभराहून जास्त किलोमीटर आत, मियाँ चन्नूला जाऊन पडलं. त्यावर स्फोटकं नव्हती, जीव गेला नाही. आपण अधिकृतपणे बोललो ११ तारखेला: नेहमीच्या देखभालीत तांत्रिक बिघाड. पुढे ऑगस्टमध्ये हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं. तेव्हा सीमा तुलनेने शांत होती. हेच २००२ च्या उन्हाळ्यात झालं असतं तर? उंबरठाराव, हा प्रश्न फुकट देते, वापरा.

दुसरी बाजूही लिहा मात्र. १९८८ च्या डिसेंबरात, राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो यांच्या काळात करार झाला: एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. त्यासाठी दरवर्षी १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात, १९९२ पासून. १ जानेवारी २००२ ला संसदेवरच्या हल्ल्याला तीन आठवडेही झाले नव्हते, सीमेवर फौजा समोरासमोर होत्या. यादी दिली गेली. २६/११ नंतरच्या जानेवारीतही. तो लिफाफा नेऊन देणारा कनिष्ठ अधिकारी माझ्या डोळ्यांसमोर कायम येतो. बाहेर थंडी, आत कोणी चहा विचारतं की नाही देव जाणे, आणि हा सही घेऊन परत.

सरळसोट

बरं, लिफाफेवाला आवडला. पण खलनायक कोण? कोणीच नाही, सगळी व्यवस्थेची चूक, असं म्हणून सुटता येणार नाही. २६/११ ला व्यवस्था ढिली होती हे ठीक, पण माणसं मारायला आलेले ठरवून आले होते. तुम्हा सगळ्यांच्या गोष्टीत दुष्ट माणूसच गायब होतोय. हे मला बॉम्बच्या सुटकेसइतकंच खोटं वाटतं.

तिसरीघंटा

सरळसोट, हा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य. हे घ्या तुमच्यासाठी: पेलिंदाबा, दक्षिण आफ्रिका, नोव्हेंबर २००७. दहा हजार व्होल्टचं कुंपण निष्प्रभ करून सशस्त्र टोळी अणुकेंद्रात शिरली, नियंत्रण कक्षापर्यंत पोचली, तिथल्या एका अधिकाऱ्याला गोळी घातली. त्याच रात्री दुसऱ्या बाजूने दुसरी टोळी शिरायचा प्रयत्न करत होती. त्या केंद्रात शस्त्र-दर्जाचं युरेनियम होतं. पहिली टोळी पाऊण तासाच्या आसपास आत होती आणि आली तशी निघून गेली. ते कोण, कशासाठी आले, कोणी पाठवले, हे उलगडलेलं नाही आणि आजवर कोणाला शिक्षा झालेली नाही.

दर्यासारंग

खलनायक हवा तर दलाल घ्या. पाकिस्तानी अणुशास्त्रज्ञ अब्दुल कादिर खान हे नाव सगळ्यांना ठाऊक, पण त्यांचं जाळं चाललं ते कारखानदार, वाहतूकदार आणि बिलं फाडणाऱ्यांवर. ऑक्टोबर २००३ मध्ये 'बीबीसी चायना' नावाचं जहाज इटलीत वळवून घेतलं, त्यात लिबियाकडे निघालेले सेंट्रिफ्यूजचे, म्हणजे युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रांचे, भाग होते. मलेशियात बनलेले, दुबईमार्गे. पेट्यांवर यंत्रांचे सुटे भाग. ४ फेब्रुवारी २००४ ला खानसाहेबांनी टीव्हीवर कबुली दिली, दुसऱ्याच दिवशी त्यांना माफीही मिळाली. असा माणूस रागावत नाही, भाषण करत नाही. माल कुठे जातोय हे त्याला पुरतं माहीत असतं आणि तो कमिशन मोजून घेतो. दुष्टपणा म्हणाल तर हाच, माझ्या लेखी.

उंबरठा

सुटकेस काढली, पाणबुडी बुडवली. निलंबित नायक मात्र ठेवतोय, कारण त्याची बायको मला आवडते आणि ती त्याच्याशिवाय गोष्टीत येत नाही.

नवा आराखडा: युरोपात नाकारलेला लोखंडी मालाचा एक कंटेनर न्हावाशेवाला परत येतो. कागदांवर नाकारण्याचं कारण दडवलेलं आहे, ते दडवणारा दलाल हा खलनायक. माल कुर्ल्याच्या भंगार बाजारात फुटतो, माणसं आजारी पडतात. त्याच आठवड्यात सीमेवर आधीच तणाव. कोणीतरी अज्ञात संघटना फोन करून जबाबदारी घेते, ती साफ खोटी. वाहिन्या पेटतात. ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रातली एक शास्त्रज्ञ बाई सामग्री ओळखायला वेळ मागतेय आणि दिल्ली तो द्यायला तयार नाही. सुरुवातीचा तुकडा देतो:

"कमान वाजली तेव्हा पाळी संपायला वीस मिनिटं होती. शिपायाने ट्रेलर बाजूला घेण्याचा हात केला. ड्रायव्हरने शिवी गिळली, इंजिन बंद केलं, खाली उतरून चाकाला लाथ मारली. कागद आले. लोखंडी तबकड्या, परत आलेला माल, दर्जात कमी. हातातलं यंत्र फिरवायचं तर बॅटरी उतरलेली, दुसरं यंत्र साहेबांच्या कपाटात, कपाटाची किल्ली साहेबांकडे आणि साहेब पनवेलला. मागे अकरा ट्रेलर. क्लिअरिंग एजंटचा पोरगा हसत आला. 'काका, सकाळी तीन गाड्या वाजल्या ना? सोडल्याच ना?' सोडल्या होत्या. शिपायाने नोंदवही उघडली. कारणाच्या रकान्यात वरच्या तिन्ही ओळींत त्याच्याच अक्षरात 'फरशा' लिहिलेलं होतं. हा माल लोखंडाचा होता. तो क्षणभर थांबला, मग खाली 'वरीलप्रमाणे'ची खूण ओढली."

काळीमिरी

खाली ओढलेली खूण! लिहीत राहा. डॉक्टरचं पात्र आणाल तेव्हा त्याला मूर्ख करू नका फक्त. उलट्या, जुलाब, हाताला फोड घेऊन आलेला भंगारवाला बघून पहिल्या दिवशी कोणाच्याही मनात किरणोत्सर्ग येत नाही. तिसरा रुग्ण त्याच गल्लीतला आला की मग येतो.

दर्यासारंग

यंत्राची बॅटरी आणि कपाटाची किल्ली, दोन्ही नको. एकच ठेवा. दोन्ही असलं की लेखक दिसतो. किल्ली ठेवा.

सरळसोट

सुरुवात वाचली. पाठलाग नाही तरी पुढचं पान उलटलं असतं, एवढं म्हणतो. पण खोटी जबाबदारी घेणारा फोन कोण करतो आणि कशासाठी, हे पन्नासाव्या पानाच्या आत मला कळलं पाहिजे. वाचकापासून लपवून शेवटी धक्का द्याल तर फसवणूक आहे. मला माहीत हवं आणि पंतप्रधानांना नको, मग मी रात्रभर जागतो.

पाऊणवाटी

सरळसोट यांना चक्क अनुमोदन, तारीख नोंदवून ठेवा. उंबरठाराव, समितीच्या बैठकीचं प्रकरण टाका आता, आढेवेढे नकोत. आणि ते टाकण्याआधी एक काम करा. त्यात पंतप्रधानांच्या तोंडी जेवढे सुविचार असतील तेवढे खोडून काढा. माझा अंदाज, दीड पान वाचेल.